कोणती जमीन राखावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हवामान बदलत असताना वन्यजीवांसाठी जमीन कशी राखावी, या एकाच विषयावर या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रांचा मजकूर थोडक्यात दिला असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे गाळली आहेत. बहुतेक पत्रे कोकणातून आणि घाटमाथ्यावरून आल्यामुळे उत्तरेही त्याच मुलखाला धरून आहेत. विदर्भातल्या किंवा माळरानावरच्या वाचकांनी ती जशीच्या तशी घेऊ नयेत.

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात आमची सामाईक बावीस एकर जमीन आहे. वर सडा (जांभ्याचा उघडा कातळमाथा), मध्ये उताराचे रान आणि खाली वहाळाच्या (ओढ्याच्या) काठी जुनी राई, अशी तिची ठेवण आहे. उताराचे रान रबराच्या लागवडीसाठी मागायला गिऱ्हाईक आले आहे. राई देवाची, ती आपण राखूच. मग उतार द्यायला काय हरकत, असे भावांचे म्हणणे आहे. जनावरांसाठी राई पुरणार नाही का?

उत्तर : आपले भाऊ म्हणतात ते आजवरच्या रिवाजाला धरूनच आहे. जिथे जुने झाड उभे आहे, जिथे जनावर दिसते, तेवढ्याभोवती हद्द आखायची, ही रीत देवराया राखणाऱ्या गावकऱ्यांनी पाळली आणि अभयारण्ये आखणाऱ्या खात्यांनीही पाळली. आज जे जिथे आहे ते पुढेही तिथेच नांदेल, असे या रीतीत न बोलता धरलेले असते. हवा तापू लागल्यावर नेमके हेच धरून चालता येत नाही.

डोंगर चढताना दर १,००० मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरते. म्हणजे हवा एका अंशाने तापली, तर पूर्वीइतका गारवा मिळवण्यासाठी प्राण्याला किंवा झाडाच्या बीला दीडपावणेदोनशे मीटर वर सरकावे लागते. तिलारीच्या घाटात एवढी उंची अर्ध्याएक किलोमीटरच्या उतारावर मिळून जाते. सपाट मुलखात तेवढाच फरक गाठायला शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागेल. म्हणून सह्याद्रीचा उतार हा वन्यजीवांचा जिना आहे. आपली राई ही त्याची खालची पायरी आणि सडा हा वरचा मजला धरला, तर आपण मधल्या पायऱ्या विकायला काढल्या आहेत. गवा किंवा सांबर रबराच्या बागेतून रात्री वाट काढील. पालापाचोळ्यात राहणारा बेडूक आणि पक्ष्याच्या पोटातून पडणारे बी यांना तिथे थारा मिळत नाही. पायरीमागून पायरी, पिढीमागून पिढी असेच त्यांचे वर सरकणे चालते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि आपल्या बाबतीत तीच अधिक महत्त्वाची आहे. भर मे महिन्यात दुपारी सड्यावर पायातल्या वहाणेतूनही कातळाचा चटका बसतो, आणि तिथून खाली राईत शिरले की शंभर पावलांत पायाखालचा पाला ओलसर लागतो. वहाळातला दगड उलटला तर खाली खेकडा सापडतो. हा गारवा राईच्या सावलीमुळे टिकत असला, तरी त्याला लागणारी ओल वरच्या सड्यावर आणि उतारावर मुरलेल्या पावसाची असते. आपल्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दलदलीतली राई आहे. तिचे क्षेत्र जेमतेम २.५९ हेक्टर असून तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. ही झाडे बारमाही ओलीत उभी राहतात, मुळांचे गुडघे चिखलातून वर काढून श्वास घेतात. तिथले एकही झाड कोणी तोडले नाही, पण वरचा उतार उघडा पडून पाझर आटला, तर ती राई उभ्याउभ्या मरेल. आपल्या राईत रानजायफळ असो वा नसो, हिशेब तोच आहे. त्यात पाऊस पडण्याची तऱ्हाही बदलते आहे : १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे नोंदींतून दिसले आहे. थोड्या वेळात कोसळणारे पाणी धरून ठेवायला उतारावर रान लागते. ते नसेल, तर जुलैत वहाळ गढूळ होऊन धावतो आणि एरवी एप्रिलपर्यंत चालणारे पाणी फेब्रुवारीतच तुटते.

घरात पैशाची नड असेल आणि काही भाग द्यावाच लागणार असेल, तर सर्व्हे नंबरांच्या रेषेने सरळ तुकडे पाडू नयेत. राईपासून सड्यापर्यंत वहाळाच्या दोन्ही काठांचा पट्टा आधी बाजूला काढावा आणि तो सलग राहील हे पाहावे. उत्तरेकडे तोंड असलेली बाजू राखण्याला प्राधान्य द्यावे, कारण हिवाळ्यापासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडे असतो आणि त्या बाजूला ओल जास्त दिवस टिकते. पूर्वी तोड झालेला, ऊन खाणारा भाग द्यायला त्यामानाने कमी नुकसानीचा. ढोली असलेले जुने बेहडे, सातविणी आणि उंबर कोणत्याही भागात असोत, ते व्यवहारातून वगळून तसे कागदावर लिहून घ्यावे. ककणेराला (धनेश पक्ष्याला) घरट्यासाठी अशीच ढोली लागते आणि नवे झाड तेवढे जाड व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. रबराऐवजी काजू लावणारे आणि मधली रानझाडे ठेवायला तयार असणारे गिऱ्हाईक मिळाले, तर थोडा कमी भाव घेऊनही ते पत्करावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या आजरा भागातून वाघाचा भ्रमणमार्ग जातो असे सांगून संवर्धन राखीव क्षेत्र झाले. कॅमेऱ्यात क्वचित एखादा वाघ येतो. एका वाटसरूसाठी एवढी जमीन अडवून ठेवणे कितपत योग्य आहे?

उत्तर : प्रश्न रोखठोक आहे, त्यामुळे आधी आकडे देतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने पश्चिम महाराष्ट्र आणि सिंधुदुर्गातील आठ संवर्धन राखीव क्षेत्रांना मंजुरी दिली. त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे ८६५ चौरस किलोमीटर आहे. त्यांत आजरा-भुदरगड सर्वांत मोठे, सुमारे २३८ चौरस किलोमीटरचे, आणि त्याखालोखाल चंदगड. मायणीचा पक्ष्यांचा तलाव सोडला, तर उरलेली सात क्षेत्रे नकाशावर जोर-जांभळीपासून विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा असे करत आंबोली-दोडामार्गपर्यंत उतरतात. म्हणजे २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, राधानगरीचे अभयारण्य आणि तिलारी यांच्यामधली मोकळी जागा ती भरून काढतात. तिलारीच्या पुढे गोव्यातले म्हादई आणि कर्नाटकातले भीमगड व काळी. कोयना-चांदोलीकडे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे, चालत येणारे वाघ याच दक्षिणेकडच्या रानांतून येतात.

तरीही, भ्रमणमार्ग वाघाच्या नावाने मांडला की लोकांची फसगत होते, असे मला वाटते. खरे पाहता वाघ हा या बाबतीत फारच काटक प्राणी आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला, ‘वॉकर’ या नावाने ओळखला गेलेला तरुण नर २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेते, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. सुमारे ३,००० किलोमीटर चालल्याची त्याची नोंद आहे. त्याला सलग जंगल कुठे मिळाले होते? शेकरूला मात्र फांदीला फांदी लागते. झाडांच्या रांगेत रुंद रस्त्याएवढे खिंडार पडले की तिचे रान तिथे संपते. वहाळातल्या माशाला रस्त्याखालची मोरी जमिनीच्या पातळीला हवी. सिमेंटचा नळ वितभर उंचावर बसवला, तर उन्हाळ्यात पाणी उतरू लागल्यावर वरच्या डोहाकडे जाण्याची त्याची वाट बंद होते. वाघापुरता आखलेला मार्ग या दोघांना पुरत नाही, पण या दोघांना पुरेल असा आखलेला मार्ग वाघाला सहज पुरतो. आपल्या भागातल्या पट्ट्याकडे या नजरेने पाहिले, तर वाटसरू एकच उरत नाही.

रस्त्यांच्या बाबतीत काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या रानातून रुंद करताना नऊ ठिकाणी तो उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली. त्यांतला सर्वांत लांब मार्ग ७५० मीटरचा आहे, आणि कॅमेऱ्यांत वाघासह अठरा जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. घाटरस्त्यांना एवढा खर्च नेहमी करावा लागत नाही. रुंदीकरणाच्या वेळी मोरी मोठी ठेवणे आणि तिच्या तोंडाशी भराव न टाकणे एवढ्यानेही पुष्कळ भागते, पण ते आराखडा कागदावर असतानाच सांगावे लागते.

आणखी एक मुद्दा इथे मांडायला हवा. आपले बहुतेक भ्रमणमार्ग उत्तर-दक्षिण आहेत, घाटमाथ्याला धरून. सह्याद्रीत हवामानाचा सर्वांत तीव्र बदल मात्र पूर्व-पश्चिम आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून रस्त्याने वीसेक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच पडतो, आणि आणखी खाली वाईत उतरले की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो. पाऊसमान बदलले, तर ओलीत वाढणाऱ्या आणि कोरड्यात वाढणाऱ्या जातींची सीमा याच दिशेने पुढेमागे सरकणार. आजऱ्याच्या पूर्वेला उसाच्या शेतांमधून जाणारे ओढे, त्यांच्या काठची करंज-जांभळाची रांग, बांधावरची झाडे, हे आडवे धागे आज कोणत्याही राखीव क्षेत्रात नाहीत. त्यांसाठी अधिसूचना लागत नाही. ग्रामपंचायतीने ओढ्याचा काठ जेसीबीने ‘साफ’ करणे थांबवले तरी सुरुवात होते.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या गावाच्या सड्यावर एक कंपनी पाच हजार झाडे लावून देण्यास तयार आहे. हवामानबदलावर उपाय म्हणून ग्रामपंचायतीने होकार द्यावा का?

उत्तर : सड्यावर नको. गावात शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा, जुन्या तोडीचे उघडे डोंगर असतील. कंपनीला तिथे न्यावे.

सातबाऱ्यावर सडा ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ म्हणून लागतो, आणि त्या एका शब्दाने त्याचे फार नुकसान केले आहे. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. तिथे झाडे नाहीत ती कोणी तोडली म्हणून नव्हे. खड्डे फोडून, बाहेरची माती भरून लावली जाते ती बहुधा ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प, कारण बाकीचे काही जगत नाही. मग पावसाळ्यात तिथे फुलणारी सीतेची आसवे, गेंद आणि कितीतरी कीटकभक्षी वनस्पती सावलीत जातात आणि नाहीशा होतात. कोकणातल्या काही सड्यांवर तर कातळशिल्पेही आहेत.

आंबोलीच्या कातळावरचे एक दृश्य सांगतो. पहिल्या सरींनंतर जांभ्यातल्या खोलगट जागी तळहाताएवढी, कुठे परातीएवढी डबकी साचतात. तिथला एक छोटा, अंगावर पट्टे असलेला भेक याच डबक्यांत अंडी घालतो. २००९ साली शास्त्राला नव्याने कळलेली ही जात आंबोलीच्या परिसराबाहेर जवळपास कुठेच नाही, आणि तिचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत होतो. सुरुवातीला पाऊस येऊन मध्ये आठदहा दिवस उघडीप पडली, तर डबके आटते आणि सगळी वीण त्याच जागी वाळून जाते. पावसाची अशी लहर आपल्याला थांबवता येत नाही. निरनिराळ्या खोलीची भरपूर डबकी शाबूत ठेवणे तेवढे आपल्या हातात आहे, म्हणजे उथळ आटली तरी एखाद्या खोलगटात पिल्ले तगतील. चिरेखाण, गाड्यांची चाके आणि वृक्षारोपणाचे खड्डे हे तिन्ही नेमके हेच वैविध्य सपाट करतात. होकार द्यायचाच असेल, तर सड्यावर काहीही न करण्याच्या ठरावाला द्यावा.

प्रश्न : संरक्षणाच्या नावाखाली एकदा का नाव लागले की सातबारा आपला राहत नाही, अशी गावात भीती आहे. आमच्या आंबोली-चौकुळ बाजूला कबुलायतदार गावकर (जुन्या सामाईक वहिवाटीच्या) जमिनींचा घोळ आधीच आहे. स्वखुशीने जमीन राखायची तर कायद्यात मार्ग कोणता?

उत्तर : ही भीती निराधार नाही. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर-नगर भागात जे अभयारण्य घोषित झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. गावे, बाजारपेठा, बागायती, सगळेच आत. खरेदी-विक्रीपासून घरबांधणीपर्यंत लोकांना अडचणी आल्या, रोष वाढला, आणि शेवटी क्षेत्र १,२२३ चौरस किलोमीटरच्या आसपास आणावे लागले. त्या माळांवर माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. नकाशावर मोठी रेघ ओढली म्हणजे जमीन राखली, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण कायम समोर ठेवावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने दोन प्रकार आले. संवर्धन राखीव हे सरकारी मालकीच्या जमिनीवर, बहुधा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या भागात, स्थानिकांशी विचारविनिमय करून घोषित होते. सामुदायिक राखीव हे खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर, मालकांनी आपणहून पुढे आल्यावर होते. यात मालकी जात नाही. मात्र एक कलम नीट वाचून घ्यावे : एकदा घोषणा झाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येत नाही. मुलांना पुढे तिथे घर बांधायचे असेल, तर तो तुकडा आधीच बाहेर ठेवावा. अगदी लहान आणि विशेष जागेसाठी जैवविविधता कायद्याखालचे वारसा स्थळ सोयीचे पडते. आपल्याकडचे हिरण्यकेशीच्या उगमाजवळचे स्थळ, जिथे २०२० साली माशाची नवी जात नोंदली गेली, ते अवघे २.११ हेक्टरचे आहे. पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र हा यांपेक्षा वेगळा प्रकार आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावांबाबत ती प्रक्रिया पूर्ण करण्याचे निर्देश उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिले. त्याचा रोख खाणी आणि प्रदूषणकारी उद्योग यांच्यावर असतो, चालू शेतीवर नव्हे.

कबुलायतदार जमिनींत मालक कोण हाच वाद असल्यामुळे तिथे सामुदायिक राखीवचा अर्ज पुढे सरकणे अवघड आहे. वाटप होईपर्यंत थांबू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. वाटपाच्या वेळी वहाळ, राई आणि सड्याची डबकी कोणाच्याही वाट्याला न देता गावाच्या नावे सामाईक ठेवावीत, असा ग्रामसभेचा ठराव आज करून ठेवता येतो. एकदा वाटण्या होऊन गडगे उभे राहिले, की शंभर हिश्श्यांतून तो पट्टा पुन्हा जुळवणे कोणाच्याच हातचे राहत नाही.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पुढच्या पन्नास वर्षांच्या पावसाबद्दल हवामानाची निरनिराळी प्रारूपे (मॉडेल) निरनिराळे सांगतात. मग नियोजन कशाच्या भरवशावर करायचे?

उत्तर : तापमान वाढणार याबद्दल प्रारूपांत एकमत आहे, एखाद्या तालुक्यात पाऊस किती आणि कसा पडेल, यावर नाही. म्हणून अमुक जात २०७० साली अमुक ठिकाणी असेल, असा रंगीत नकाशा काढून त्यावर जमीन निवडू नये. जे हलणार नाही त्यावर निवडावी. जांभा, काळा पाषाण आणि दक्षिण सिंधुदुर्गातले त्याहून कितीतरी जुने खडक, उतारांची तोंडे, दऱ्यांची खोली, झऱ्यांच्या जागा या पन्नास वर्षांत बदलणार नाहीत. प्रत्येक प्रकारचा थोडा तरी भाग राखलेल्या क्षेत्रात आहे का, आणि एका प्रकारातून दुसऱ्याकडे जायला सलग वाट आहे का, हे दोन प्रश्न नकाशाला विचारावेत. पाऊस वाढो वा घटो, या उत्तरांचा उपयोग राहतो.

आणि नोंदी ठेवाव्यात. आपल्या गावातला एक वहाळ आणि सड्यावरची दहा डबकी निवडा. पहिल्या सरीची तारीख, प्रत्येक डबके किती दिवस भरलेले राहिले, त्यात अंडी केव्हा दिसली, वहाळाचे पाणी कोणत्या दिवशी तुटले, काजरा आणि उंबर केव्हा पिकले, रस्त्यावर मेलेले जनावर कोणत्या मोरीजवळ सापडले, एवढे वहीत लिहा. काजऱ्याची नोंद विसरू नका. ककणेर ते फळ खातो, आणि फळ व पिल्ले यांच्या वेळा जुळतात की चुकतात, हे आपल्याला त्या वहीतूनच कळेल.